कोल्हापुरी ऑनलाइन विकताना : एका जोडाचा पूर्ण हिशेब

ऑनलाइन विक्रीचा विषय निघाला की ओळखीचा प्रत्येक दुकानदार आधी कमिशन विचारतो. कमिशनचा दर उघड असतो, आधी कळतो आणि किमतीत धरता येतो. हाताने बनवलेल्या मालाला खरा बुडवतो तो परत आलेला जोड. कोल्हापुरी चपलेच्या धंद्यात हे फार लवकर ध्यानात येते. एकाच कारागिराचे दोन जोड तंतोतंत सारखे निघत नाहीत, कातडी तळाला पाणी चालत नाही, आणि घरातल्या फरशीवर चार पावले टाकली तरी तळावर रेघ उठते. असा माल 'पसंत नसेल तर परत करा' या अटीवर देशभर पाठवायचा, असे हे काम आहे. त्यातली प्रत्येक पायरी आम्ही जशी करतो तशी इथे मांडतो.

ॲमेझॉनसारख्या ऑनलाइन बाजारावर, म्हणजे मंचावर, खाते उघडणे सोपे आहे. पॅन, चालू बँक खाते, जीएसटी क्रमांक, माल उचलण्याचा पत्ता एवढ्यावर काम होते. कातडी पट्ट्यांच्या चपलेचा एचएसएन, म्हणजे करासाठीचा वस्तूचा सांकेतिक क्रमांक, ६४०३. आधी मंचावर माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीच्या उलाढाल-मर्यादेखालच्या विक्रेत्याला नोंदणीशिवाय, जीएसटी पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घेऊन विकता येते, आणि कंपोझिशन योजनेतल्यालाही (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या लहान व्यापाऱ्यालाही) मुभा मिळाली. पण दोघांनाही फक्त आपल्या राज्यात. मुंबई-पुण्याचे गिऱ्हाईक पुरेसे असेल तर हा मार्ग ठीक. बंगळूर, हैदराबाद, दिल्लीला पाठवायचे तर नेहमीची नोंदणीच लागते. कंपोझिशनवाल्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : मंच आपल्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लावतो, तो त्याला वळता करून घेता येत नाही. तेवढा थेट खर्च.

नोंदणी झाली की माल चढवायचा, आणि पहिली खरी अडचण इथे येते. शोधाच्या चौकटीत 'कोल्हापुरी' टाकले की पहिल्या रांगेत तीनशे-चारशे रुपयांचे जोड येतात. वाद्या रेक्झिनच्या, तळ रबराचा, नाहीतर दोन पातळ थरांत पुठ्ठा भरलेला. छायाचित्रात ते आणि बाभळीच्या सालीत व हिरड्यात कमावलेल्या कातड्याचा, चामड्याच्याच वादीने शिवलेला जोड जवळजवळ सारखे दिसतात. दुकानात गिऱ्हाईक जोड हातात घेते, वाकवते, वास घेते, वजन पाहते. फरक सांगावा लागत नाही. पडद्यावर हे चारही पुरावे जातात आणि उरते फक्त किंमत.

कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन २०१९ मध्ये मिळाले. ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे महाराष्ट्रातले चार आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांसाठी आहे. नोंदणी संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकाचे चर्मोद्योग महामंडळ लिडकर यांच्या नावावर आहे. कारागिराने वा दुकानदाराने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतंत्र अर्ज केल्याशिवाय त्याला स्वतःच्या नावाने नकली मालाविरुद्ध उभे राहता येत नाही. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडाने कोल्हापुरीच्या घडणीची चप्पल दाखवली तेव्हा ही बाजू सगळ्यांना दिसली. मुंबई उच्च न्यायालयाने त्या प्रकरणातली जनहित याचिका जुलैत फेटाळली, कारण दाद मागण्याचा हक्क नोंदणीधारकाचा. म्हणून आमचा आग्रह : मंचावर पहिला जोड चढवण्याआधी अधिकृत वापरकर्त्याचा अर्ज करा, आणि आपल्या दुकानाच्या नावाचा ट्रेडमार्क वर्ग २५ (कपडे-पादत्राणे) मध्ये भरा. व्यक्ती किंवा उद्यम नोंदणी असलेल्या लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाचे शासकीय शुल्क ४,५०० रुपये आहे. ट्रेडमार्क नसला की आपण मेहनतीने बनवलेल्या पानावर दुसरा कुणी 'हाच माल माझ्याकडेही' म्हणून चढतो, दहा रुपये कमी लावतो, आणि आपली छायाचित्रे, आपल्या मालाला मिळालेले तारे त्याच्या रेक्झिनला लागतात. तक्रारीची दखल नोंदणीकृत नावाशिवाय क्वचितच घेतली जाते.

आता मापे. कोल्हापुरीचे माप आणि बुटाचे माप एक नव्हे. मापाचा तक्ता देताना नुसते ६, ७, ८ न लिहिता टाचेच्या मागच्या कडेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहावी, आणि पाय रुंद असेल तर काय घ्यावे हेही सांगावे. नवी कोल्हापुरी सुरुवातीला अंगठ्याला आणि पट्ट्याखाली चावते. काही दिवस वापरली की कातडे पायाचा आकार घेते आणि थोडे सैल होते. आपल्याकडच्या माणसाला हे जन्मापासून ठाऊक आहे. गुरुग्रामच्या गिऱ्हाइकाला नाही. तो संध्याकाळी जोड घालतो, चावली म्हणून 'माप लहान' असे कारण निवडतो आणि परतीचे बटण दाबतो. यावर एकच उपाय चालतो. पाकिटात वरच दिसेल अशी चिठ्ठी, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत : पट्ट्याच्या आतल्या बाजूला तेलाचे बोट फिरवा, पहिले काही दिवस घरात थोडा वेळ घाला, पावसात वापरू नका, भिजली तर सावलीत वाळवा. हीच माहिती मालाच्या पानावर दुसऱ्या छायाचित्रात टाकावी. वर्णनाचा मजकूर फार थोडे लोक वाचतात, छायाचित्रे मात्र सगळे सरकवून पाहतात.

मापांमागे साठा येतो. पुरुषांची सहा मापे, तीन रंग, म्हणजे मंचावर एका नमुन्याच्या १८ ओळी, माप-रंगाच्या प्रत्येक जोडीची एक. प्रत्येक ओळीत तीनच जोड ठेवायचे म्हटले तरी ५४ जोड झाले. जोडाची लागत ५६० रुपये धरली तर एका नमुन्यात ३०,२४० रुपये बसून राहतात. शिवाय तोच साठा दुकानातही विकला जातो. शेवटचा जोड काउंटरवर गेला आणि तासाभरात त्याच मापाची ऑनलाइन ऑर्डर आली, तर ती रद्द करावी लागते आणि खात्यावर डाग पडतो. ॲमेझॉनची अट ऑर्डर रद्द होण्याचे प्रमाण अडीच टक्क्यांखाली आणि उशिरा पाठवण्याचे चार टक्क्यांखाली ठेवण्याची आहे. महिन्याला ४० ऑर्डर असलेल्या दुकानाला एकच रद्द ऑर्डर म्हणजे सरळ अडीच टक्के! चार हजार ऑर्डरवाल्याला शंभर रद्द झाल्या तेव्हा तो आकडा येतो. नियम दोघांना सारखा, भार मात्र लहानावर. म्हणून ऑनलाइन साठा नेहमी प्रत्यक्षापेक्षा एक जोड कमी दाखवावा. नमुने दोन-तीनच चढवावेत, आणि तेही रोज बनणारे. नक्षीकाम, वेणी, गोंडे, मागणीप्रमाणे करकर वाजणारी चप्पल हे सगळे दुकानासाठी ठेवावे.

पॅकिंगमध्ये पैसे वाचतात किंवा नकळत जातात. कुरिअरवाला खरे वजन आणि आकारमानाचे वजन यांतले जे जास्त ते धरतो. आकारमानाचे वजन म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले ५,०००. बुटाची नेहमीची पेटी ३३ बाय २२ बाय १२ धरली तर उत्तर १.७४ किलो येते, म्हणजे दर दोन किलोच्या टप्प्याचा. जोडाचे खरे वजन एक किलोच्या आत असते. कोल्हापुरी सपाट असल्यामुळे पेटी लागतच नाही. एकाची टाच दुसऱ्याच्या पंजाकडे ठेवून, तळ बाहेर, मध्ये बटर पेपर, अशी घडी ३० बाय २३ बाय ७ मध्ये बसते : ०.९६६ किलो. रुंदी एक सेंटिमीटर वाढून २४ झाली की १.००८ किलो होते आणि दीड किलोचा टप्पा लागतो. कुरिअरच्या केंद्रावर मोजणी यंत्र करते आणि फुगलेल्या पाकिटाचा फुगवटाही मोजते. त्यामुळे आत हलका पुठ्ठा घालून पाकीट घट्ट बांधावे. प्रत्येक मापाच्या एका पाकिटाचे टेप आणि काटा दिसेल असे छायाचित्र काढून ठेवावे. वजनाच्या वादात मंच तेच मागतो.

जून ते सप्टेंबर कातड्याला बुरशीचा धोका असतो. साल-हिरड्यात कमावलेले कातडे हवेतली ओल ओढते. पाऊस लागू नये म्हणून आपण पॉलिथिनमध्ये बंद करतो आणि आतली ओल आतच राहते. जोड पूर्ण वाळल्याशिवाय भरू नये, सिलिका जेलची पुडी घालावी. मंचाच्या गोदामात माल ठेवण्याचा मोह पावसाळ्यात टाळलेलाच बरा. भिवंडीच्या गोदामात माल ठेवायचा तर ते गोदाम आपल्या जीएसटी नोंदणीत 'व्यवसायाचे अतिरिक्त ठिकाण' म्हणून जोडावे लागते. कर्नाटकातल्या गोदामात ठेवायचा तर तिथला वेगळा जीएसटी क्रमांक आणि तिथली वेगळी विवरणपत्रे. आणि बुरशी आलेला माल परत मागवायचे शुल्कही आपलेच.

पाकिटावर वैधमापनशास्त्राच्या नियमांप्रमाणे बनवणाऱ्याचे वा भरणाऱ्याचे नाव-पत्ता, वस्तूचे नाव, '१ जोड', माप, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि ग्राहक तक्रारीचा फोन-ईमेल छापावा. १ जानेवारी २०१८ पासून यातली बहुतेक माहिती मालाच्या पानावरही द्यावी लागते.

आता पैसे. दर मंचागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून पुढचे आकडे नमुन्यादाखल घ्या आणि आपले आकडे घालून पुन्हा मांडा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडाला ५ टक्के जीएसटी आहे. जोड १,०५० ला विकला : १,००० किंमत, ५० कर. मंचाचे कमिशन १२५, ठरावीक शुल्क ४०, वाहतूक ८५, एकूण २५०. त्यावर १८ टक्क्यांनी ४५ रुपये जीएसटी. मंच ०.५ टक्के टीसीएस (मंचाने विक्रीतून कापून सरकारकडे भरायचा जीएसटी) म्हणजे ५ रुपये आणि आयकराचा ०.१ टक्के टीडीएस म्हणजे १ रुपया कापतो. खात्यात ७४९ येतात. ४५, ५ आणि १ हे हिशेबात परत धरता येतात, म्हणून ते बाजूला ठेवू. १,००० मधून २५० गेले, पॅकिंगचे ३० गेले, राहिले ७२०. लागत ५६०, राहिले १६०.

जाहिरातीशिवाय पान तळाला जाते. एका क्लिकला ४ रुपये पडतात आणि पंधरा क्लिकमागे एक जोड विकला जातो असे धरले तर जोडामागे ६० रुपये. राहिले १००.

हा शंभर रुपये नफा फक्त गिऱ्हाइकाने ठेवून घेतलेल्या जोडाचा. परत आलेल्या जोडावर कमिशन बहुतेक ठिकाणी परत मिळते, वाहतूक मिळत नाही. जाण्याचे ८५, येण्याचे १२० धरू, वाया गेलेले पॅकिंग ३०, जाहिरातीचे ६०, तळ घासून पुन्हा पॉलिश करण्याचे २५. एकूण ३२० रुपये तोटा. दहा जोड पाठवले आणि दोन परत आले, तर आठांचे ८०० वजा ६४०, शिल्लक १६०. तीन परत आले तर ७०० वजा ९६०, म्हणजे २६० रुपये पदरचे गेले. दहात तीन परत येणे चपलेत अजिबात नवल नाही. आणि यात परत आलेला प्रत्येक जोड पुन्हा विकता येतो असे धरले आहे. एक भिजून आला तर ५६० वेगळे.

सणाच्या सेलचे गणितही याच कागदावर करून पाहावे. दहा टक्के सूट दिली की किंमत ९४५, कराशिवाय ९००. कमिशन ११३ झाले, बाकी खर्च तेवढाच. शंभराचा नफा बारा रुपयांवर येतो. सवलत दहा टक्के, नफ्यात घट अठ्ठ्याऐंशी टक्के. काही मंच विक्रेत्याला सेलमध्ये आपोआप सामील करून घेतात, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी काढून टाकावी आणि नवरात्राच्या आधी पुन्हा एकदा तपासावी.

परतीचे नुकसान कमी करण्याचा आमचा क्रम ठरलेला आहे. प्रत्येक जोडाच्या तळाला टाचेपाशी बारीक ठसा-क्रमांक मारायचा. पाठवण्याआधी दोन्ही तळ, क्रमांक आणि लेबल एका चौकटीत येतील असे छायाचित्र. परत आलेले पाकीट उघडताना लेबलपासून शेवटपर्यंत न तोडलेले चित्रीकरण. खरा जोड ठेवून रेक्झिनचा जोड परत येणे, लग्नात मिरवून परत येणे, एका पायाची वेगळी चप्पल येणे, हे सगळे होते. दाव्याची मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून परतीची पाकिटे रोजच्या रोज उघडावी. आठवड्याचा ढीग करू नये. माल हातात पडल्यावर पैसे देण्याची सोय जिथे बंद करता येते तिथे करावी, कारण न स्वीकारता परत येणारी पाकिटे त्यातच जास्त.

कागदपत्रांत दोन ठिकाणी पैसे अडकतात. मंच कापलेला टीसीएस पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत भरतो; आपण जीएसटी पोर्टलवर 'टीडीएस/टीसीएस क्रेडिट' या पानावर जाऊन तो स्वीकारल्याशिवाय रोख खात्यात जमा होत नाही. तो दर १० जुलै २०२४ पासून १ वरून ०.५ टक्के झाला आणि आयकराचा टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून १ वरून ०.१ टक्के झाला, हे लहानांना बरे झाले. दुसरा अडकाव जास्त खोल आहे. विक्रीवर ५ टक्के कर, मंचाच्या सेवांवर १८ टक्के. वरच्या उदाहरणात ५० रुपये करापैकी ४५ एकट्या मंचाच्या शुल्काने फिटले, आणि कातड्यावरचा, जाहिरातीवरचा कर वरच साठत गेला. सेवांवरचा असा साठलेला कर परत मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये हे ज्या खटल्यात कायम केले तो व्हीकेसी फूटस्टेप्स या चप्पल बनवणाऱ्या कंपनीचाच होता. म्हणजे आधी 'परत धरता येतात' म्हटलेले ४५ रुपये दरवेळी हातात येतीलच असे नाही.

या सगळ्याच्या तळाशी जो बदल आहे तो आम्हाला कमिशनपेक्षा कितीतरी मोठा वाटतो. पूर्वी पुण्या-मुंबईचा दुकानदार यायचा, मापे मिसळून पन्नास-शंभर जोड उचलायचा. माल खपला नाही तर ओझे त्याचे. माप चुकले तर तो गिऱ्हाइकाला समोर बसवून दुसरे माप द्यायचा, पट्टा सैल करून द्यायचा. न खपण्याची, मापाची, गिऱ्हाइकाच्या मन बदलण्याची जोखीम दुकानांमध्ये वाटली जायची. मंच माल विकत घेत नाही. परदेशी गुंतवणूक असलेल्या मंचाला स्वतःचा साठा विकायला नियमानेच बंदी आहे. त्यामुळे सगळी जोखीम बनवणाऱ्याच्या अंगावर राहते आणि मंच प्रत्येक फेरीचे, जाण्याचे आणि येण्याचे, शुल्क घेतो. १ फेब्रुवारी २०१९ पासून मंचाची भागीदारी असलेल्या कंपन्यांना त्याच मंचावर विकायला बंदी झाली. ठरावीक विक्रेत्यांना झुकते माप मिळते या दिल्ली व्यापार महासंघाच्या तक्रारीवर स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये चौकशीचा आदेश दिला. पण जोखीम कुणी उचलायची, हा प्रश्न या कुठल्याच नियमात येत नाही.

आणि ती जोखीम शेवटी कारागिराच्या मजुरीत उतरते. मंचाचे पैसे परतीची मुदत संपल्यावर येतात. कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या कारागिराला आठवड्याच्या आठवड्याला रोख द्यावी लागते. मधल्या दिवसांचे भांडवल कमी पडले की पहिली कात्री मजुरीला, दुसरी तळाच्या थरांना. तीनशे रुपयांच्या जोडाशी बरोबरी करायला निघालेला दुकानदार एक थर काढतो, हातशिलाईऐवजी मशीन लावतो, आणि नाव कोल्हापुरीच ठेवतो. ही घसरण आम्ही जवळून पाहतो आहोत. ती थांबवायची तर किंमत कमी करण्याच्या शर्यतीत उतरायचेच नाही, हे दुकानदारांनी आपसात ठरवले पाहिजे.

आमच्या अनुभवात मंचापेक्षा स्वतःच्या व्हॉट्सॲपवर येणाऱ्या मागणीचे गणित चांगले जुळते. गिऱ्हाइकाने कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने आकार काढायचा, शेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवायचा. पायाची लांबी आणि पंजाची रुंदी यावरून जोड निवडायचा किंवा बनवायचा, पैसे यूपीआयने आधी, पार्सल स्पीड पोस्टाने. मापाची चूक झाली तर परत घेण्याऐवजी बदलून द्यायचे आणि एका बाजूचे टपाल आपण सोसायचे. विक्री कमी होते, पण जाहिरातीचे ६०, कमिशनचे १२५ आणि परतीचे ३२० यांतले बहुतेक वाचतात. मंचावर मग दोन साधे नमुने नावापुरते ठेवावेत, आणि मंच चालत नाही तेव्हा बाहेरही पडता यावे.

बाहेर पडतानाही क्रम आहे. आधी सगळ्या ओळींचा साठा शून्य करावा, पण खाते लगेच बंद करू नये. परतीची शेवटची मुदत उलटेपर्यंत पाकिटे येत राहतात. गोदामातला माल परत मागवून ठसा-क्रमांकांनी मोजून घ्यावा. शेवटच्या महिन्याच्या परतींच्या क्रेडिट नोटा जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात घालाव्यात, त्या महिन्याचा टीसीएस स्वीकारावा, आणि सगळ्या हिशेबपत्रकांच्या फाइली उतरवून घ्याव्यात. खाते बंद झाल्यावर त्या दिसत नाहीत, आणि जीएसटी खात्याची नोटीस मात्र काही वर्षांनीही येऊ शकते.